सोलापूरहून रत्नागिरी: मार्चच्या सुरुवातीला किनाऱ्यावरचे पक्षी बघायला एकच सकाळ आहे, कशी बसवावी?

हिपरगा_काठ (सोलापूर)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा, यात कधीतरी चौघं जण रत्नागिरीला येतोय. मुक्काम दोन रात्री, पण पक्ष्यांसाठी मोकळी सकाळ एकच. हिपरगा तलाव, उजनीचं केत्तूरकडचं पाणी आणि नान्नजचा माळ हा आमचा नेहमीचा पट्टा. शेकाट्या, तुतवार, रफ, काळ्या शेपटीचा गॉडविट, पट्टकादंब यांत अडचण येत नाही. समुद्राची सवय मात्र कुणालाच नाही.

विचारायचंय ते असं. उजनीवर उजाडायच्या आत पोचलं की काम झालं. किनाऱ्यावरही तसंच का? भाट्ये, मिरकरवाडा, आरे-वारे यांतलं एकच निवडायचं तर कुठलं? ८×४२ च्या तीन दुर्बिणी आहेत आणि २०-६० चा एक स्कोप. तो एवढ्या लांब वागवत आणायचा का? आणि वाळूवरचे ते सगळे एकाच रंगाचे चिखले (प्लोव्हर) वेगळे कसे काढायचे? पुस्तकातली चित्रं बघून गोंधळ वाढतोय, कमी होत नाही.

तारीख अजून ठरलेली नाही, त्यामुळे त्यातही सुचवा.

खाडीकर (रत्नागिरी)

तारीख ठरलेली नाही हे उत्तम. आधी भरतीची वेळ बघा, मग तारीख ठरवा, मग लॉज. बरेच जण उलट करतात आणि सकाळी नऊ वाजता अर्धा किलोमीटर लांबचे ठिपके बघत बसतात.

ओहोटीला खाडीच्या मुखाशी वाळू आणि चिखल उघडा पडतो. पक्षी खायला तिथे पसरतात, पार पाण्याच्या कडेपर्यंत. भरती चढायला लागली की ही कड तुमच्या दिशेने सरकते आणि पक्षी तिच्यापुढे पुढे येतात. शेवटी खायला जागाच उरत नाही, तेव्हा ते उंच कोरड्या वाळूवर दाटीने बसतात, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. म्हणजे आपण एका जागी बसून राहायचं आणि चढती भरती पकडायची.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरा: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. तिसरा-चौथा तास हाच तुमचा. पक्षी तेव्हाच झपाट्याने जवळ येतात आणि खात असल्याने चाल, चोच, पाय सगळं दिसतं. सहाव्या तासाला ते सर्वांत जवळ असतात खरे, पण निम्मे झोपलेले. मोजायला ती वेळ चांगली, ओळखायला नाही.

आता वेळ काढायची कशी? पाऊणकी येत असेल तर घरातलं पंचांग पुरे. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ, दिवसा आणि रात्री दोन्हीकडे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्याच्या सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ आणि पाण्याची उंची इन्कॉइसच्या (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर रत्नागिरी बंदरासाठी बघा. उंचीही बघाच, कारण दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात.

हे तुमच्या सकाळीला लावून बघू. अमावास्येला पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी पूर्ण, मग तिसरा-चौथा तास सात ते नऊ. ऊन कोवळं, सूर्य पाठीशी, पाणी चढतंय. याहून चांगलं काही मागू नका. चतुर्दशी आणि प्रतिपदाही चालते, एकीला सगळं थोडं लवकर, दुसरीला थोडं उशिरा. शिवाय या दिवसांत उधाण असतं, वाळू खूप उघडी पडते आणि तितकीच झाकली जाते, त्यामुळे पक्ष्यांना सरकावंच लागतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार हलत नाही.

चतुर्थी ते षष्ठी टाळा. त्या दिवसांत ओहोटी साधारण नऊ ते साडेदहाच्या दरम्यान पूर्ण होते. तुम्ही पोचता तेव्हा पक्षी लांब जात असतात आणि परत यायला लागतात तेव्हा वाळूवर उन्हाची झळ उठलेली असते.

राहिली पौर्णिमा. भरतीचं गणित तेच, पण फाल्गुनातली पौर्णिमा म्हणजे शिमगा. चाकरमानी गावी आलेले, पालख्या नाचताहेत, लॉज भरलेले. शिमगा बघायला जरूर या, पक्ष्यांना वेगळी तारीख ठेवा. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते. तो दिवस आणि पुढचे दोन तुम्हाला नेमके बसतील.

हिपरगा_काठ (सोलापूर)

पाऊणकी येते की ओ, आज्जीने पाठच करून घेतलीय! समजा रजा नाही मिळाली आणि दशमी-एकादशीलाच यावं लागलं, तर? आणि जागेचं राहिलं.

खाडीकर (रत्नागिरी)

दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. तेव्हा क्रम उलटा करा. उजाडताना थेट बसण्याच्या जागेवर जा, म्हणजे भाट्याच्या उत्तर टोकाची कोरडी वाळू. थवा लांबूनच मोजून घ्या. पाणी उतरायला लागलं की पहिले दोन तास चांगले असतात, कारण पक्षी उपाशी असतात आणि चिखलाची पहिली पट्टी तुमच्याच बाजूला उघडते. नऊ-दहानंतर आवरा.

जागा: एकच म्हणाल तर भाट्ये. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. एका बाजूला सरळसोट पुळण (वाळूचा किनारा), मागे सुरूची झाडं, उत्तरेला खाडीचं मुख, आत कांदळवन. तीन वेगळ्या प्रकारच्या जागा चालत गाठता येतात. आरे-वारे देखणं आहे, पण माणसांची वर्दळ फार. घरच्यांना संध्याकाळी तिकडे न्या. मिरकरवाड्याचं बंदर कुरवांसाठी (गल), तेही मासळी उतरते तेव्हा. सकाळ भाट्याला घालवून दहानंतर बंदराकडे जाता येतं, कुरव उन्हाची पर्वा करत नाहीत.

किनारा पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळी समुद्राकडे बघताना सूर्य पाठीशी असतो. खाडीच्या आत बघायचं तर तोंड पूर्वेला होतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. म्हणून आधी पुळण आणि मुख, खाडीचा आतला भाग शेवटी, सूर्य वर आल्यावर.

एक धोक्याची गोष्ट. मुखाशी ओहोटीला वाळूचे बांध उघडे पडतात आणि त्यावर चालत जायचा मोह होतो. भरतीत बांध बुडायच्या आधी त्याच्या मागची खळगी भरते. पुढे पायाखाली कोरडी वाळू असते आणि परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी, तेही ओढीचं. तिसरा तास लागला की बांधावर कुणी नको.

पाणथळ_बार्शी

चिखल्यांचं मी सांगतो. उजनीवर तुम्ही केंटिश आणि लिटल रिंग्ड पाहता, त्यावरून पुढे जाऊ.

केंटिश प्लोव्हर: १६-१७ सेंटीमीटर. मानेच्या मागून पांढरी पट्टी आरपार जाते. छातीवर पूर्ण पट्टा नाही, दोन्ही बाजूंना फक्त डाग. चोच बारीक, पाय काळपट. आता सँड प्लोव्हर: मानेमागे पांढरं काहीच नाही, तपकिरी रंग डोक्यापासून पाठीपर्यंत सलग. पक्षी पाठमोरा असताना आधी मान बघा. निम्मा गोंधळ इथेच संपतो.

सँड प्लोव्हरमध्ये दोन. लेसर साधारण १९ सेंटीमीटर, ग्रेटर २२ ते २५. एकटा उभा असेल तर माप विसरा, अंदाज चुकतोच. चोच बघा. चोचीच्या मुळापासून डोळ्यापर्यंतचं अंतर मनात धरायचं आणि तेवढीच चोच पुढे आहे का ते बघायचं. जवळपास तेवढीच आणि टोक बोथट असेल तर लेसर. स्पष्ट लांब, जड, टोकाला निमुळती असेल तर ग्रेटर. पायही बघा: लेसरचे गडद करडे, ग्रेटरचे फिकट, हिरवट-पिवळट. पण खाडीच्या चिखलाने माखलेले पाय सगळ्यांचे सारखेच, त्यामुळे नुसत्या पायांवर निकाल देऊ नका. उडताना ग्रेटरचे पंजे शेपटीबाहेर थोडे दिसतात. फोटो असेल तर उपयोगी, नुसत्या डोळ्याला कठीण.

मार्चची अडचण वेगळी आहे. पुस्तकात एक चित्र हिवाळ्याचं आणि एक विणीच्या रंगाचं असतं, आणि तुमच्यापुढचा पक्षी दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. प्रौढ सँड प्लोव्हरच्या छातीवर नारिंगी-विटकरी रंग चढायला लागलेला असतो, कुणाच्या फक्त कडांना, कुणाच्या पट्टाभर. पहिल्या वर्षाचे पक्षी बहुधा करडेच राहतात आणि त्यांतले काही उन्हाळाभर किनाऱ्यावरच थांबतात. एकाच थव्यात हे सगळे नमुने असतात, म्हणून तीन रंग दिसले म्हणजे तीन जाती असं धरू नका. रंग शेवटी, चोच आधी.

सँडरलिंग मात्र रंगावरून नाही, चालीवरून ओळखा. लाट मागे गेली की तिच्यामागे पळायचं, आली की पुढे पळायचं, चावी दिलेल्या खेळण्यासारखं. पांढुरका, २० सेंटीमीटर, खांद्यावर काळसर डाग, मागचं बोट नाही. उजनीवरचा लिटल स्टिंट डोळ्यात बसला असेल तर हा त्याच्यापेक्षा बराच दांडगा वाटेल.

बाकी थोडक्यात. डोक्यावर पट्टे आणि तुलनेने आखूड वाकडी चोच: व्हिम्ब्रेल. डोकं साधं आणि चोच फारच लांब: कर्ल्यू. चोच वर वळलेली, पाय पिवळे-नारिंगी, धावत धावत टिपणारा: टेरेक सँडपायपर. समुद्र बगळा करडा असेल तर प्रश्न नाही. पांढरा असेल तर लहान बगळ्याशी घोटाळा होतो: समुद्र बगळ्याची चोच जाड आणि पिवळट-तपकिरी, पायाचा पिवळा रंग पंजापुरता न थांबता नडगीवर चढलेला.

कॅमेरा_६००

स्कोप घरी ठेवा. ६०० एमएमची लेन्स असेल तर फोटो काढा आणि लॉजवर बसून निवांत ओळखा. ट्रायपॉड, स्कोप, दुर्बीण, एवढं वागवण्यात सकाळ जाते.

पाणथळ_बार्शी

तलावावर ठीक आहे. किनाऱ्यावर दीडशे-दोनशे मीटरवरच्या चोचीचा फोटो पुसट येतो, आणि तो स्पष्ट यावा म्हणून माणूस पुढे सरकतो, तिथे थवा उडतो. स्कोप आणाच. फक्त ६० पटीवर जाऊ नका. २० ते ३० पुरे; त्यापुढे वाऱ्याची थरथर आणि हवेची झळ मोठी दिसते, पक्षी नाही. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून खाली बसूनच बघा. ओल्या वाळूत पाय रुतून चित्र हळूहळू तिरकं होतं, त्यासाठी तिन्ही पायांखाली डब्याची चपटी झाकणं ठेवायची. मधल्या हुकाला पाण्याची बाटली भरलेली पिशवी अडकवली की वाऱ्याचा त्रास निम्मा होतो, मात्र पिशवी जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर तीच झुलते.

सुरय_माढा

कुरवांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. याची तयारी समुद्रावर करू नका, निघण्याआधी एका रविवारी भिगवणला करा. तिथे तपकिरी डोक्याचे कुरव ढिगाने असतात आणि नावेच्या अगदी जवळ येतात, कारण नावाडी शेव-फरसाण टाकतात. (टाकू नये. पण तुम्ही न टाकताही ते शेजारच्या नावेमागे दिसतीलच.) प्रौढ पक्ष्याचा डोळा बघा: फिकट बुबुळ म्हणजे तपकिरी डोक्याचा, गडद म्हणजे काळ्या डोक्याचा. पंख: तपकिरी डोक्याच्याला काळ्या टोकात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्याला पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर. मार्चमध्ये दोघांच्याही डोक्यावर टोपी चढत असते, आणि अर्धवट टोपीवरून जात ठरवता येत नाही.

पल्लासचा कुरव सोपा: धिप्पाड, पिवळी चोच, टोकाशी लाल-काळा पट्टा, आणि मार्चपर्यंत बहुतेक प्रौढांची टोपी पूर्ण काळी. मोठे करड्या पाठीचे कुरव समुद्रावर भेटतील, त्यात हॉइग्लिन आणि स्टेप हे दोन प्रकार. पाठीचा करडा रंग उन्हाच्या कोनाप्रमाणे बदलतो, दोघे शेजारी उभे असतील तरच गडद-फिका ठरवा, नाहीतर नुसतं लेसर ब्लॅक-बॅक्ड लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

सुरय (टर्न): नारिंगी चोच आणि फिकट पाठ म्हणजे लेसर क्रेस्टेड. हिरवट-पिवळी चोच, गडद पाठ, अंगाने मोठा म्हणजे ग्रेटर क्रेस्टेड. जाड काळी चोच म्हणजे गल-बिल्ड, तो उजनीवर पाहिलाच असेल. काळी चोच आणि टोक पिवळं दिसलं तर सँडविच. घाई करू नका, दुसऱ्यालाही दाखवा.

आणि परतल्यावर उजनीवर जाणार असाल तर बेटांवर उतरू नका. पाणी उतरून उघड्या पडलेल्या वाळू-खडकावर नदी सुरय आणि छोटे पाणपाकोळीसारखे उडणारे प्रॅटिनकोल मार्चपासून अंडी घालतात. अंडी खड्यांत मिसळून जातात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत, आणि जोडी उडाली की उन्हात दहा मिनिटंही अंड्यांना जास्त होतात.

खाडीकर (रत्नागिरी)

थवा उडवण्याचं इथेही तेच. बसलेला थवा दर वेळी उडाला की त्यांची चरबी खर्च होते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तीच घेऊन त्यांना मध्य आशियापर्यंत जायचं असतं. दोन-चार पक्ष्यांनी चोच पाठीतून काढून मान ताठ केली की तिथेच थांबा. खाणारे पक्षी खाणं सोडून एका दिशेला चालायला लागले की दोन पावलं मागे या. पाणी आणि थवा यांच्या मधून कधीच जायचं नाही. पुळणीवर जाळी लावलेलं कासवाच्या अंड्यांचं कुंपण दिसलं तर लांबून वळसा घाला.

सामान: पायात पट्ट्याच्या सँडल नकोत, जुने कॅनव्हासचे बूट हवेत. खडकांवर कालवं असतात, त्यांची धार पातीसारखी लागते. गमबूट खाडीच्या चिखलात अडकतात, पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. माणशी दोन लिटर पाणी. सोलापूरचं ऊन सोसणाऱ्यालाही इथला दमटपणा गळाठून टाकतो.

काचा: खारे तुषार सुकले की मिठाचे कण आणि बारीक वाळू काचेवर बसते. कोरड्या रुमालाने पुसलंत की ओरखडे कायमचे. आधी रबरी फुंकणीने वाळू उडवा, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपा, घासू नका. ट्रायपॉड लॉजवर गेल्या गेल्या गोड्या पाण्याखाली धरा, पायांचे जोड उघडून. महिनाभराने जाम झाल्यावर तेल ओतून काही होत नाही.

नोंदवही

ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) टाकणार असाल तर पुळण आणि खाडी यांच्या वेगळ्या याद्या करा. जागा वेगळी, पक्षी वेगळे. बसून पाहिलंत ती स्थिर, चाललात ती प्रवासी. बसलेला मिश्र थवा मोजताना आधी एकूण आकडा दहा-दहाच्या गटांनी घ्या, मग स्कोप एका कडेपासून दुसरीकडे फिरवत प्रत्येक जातीचं प्रमाण काढा. जातवार मोजायला गेलात की तेच पक्षी दोनदा येतात.

लेसर सँड प्लोव्हर शोधलात तर त्या नावाने सापडणार नाही. २०२३ मध्ये त्याचे टिबेटन आणि सायबेरियन असे दोन केले. आपल्या किनाऱ्यावर नेहमीचा तो टिबेटन. शंका असेल तर दोन्हींची एकत्र नोंद आहे, ती वापरा.

हिपरगा_काठ (सोलापूर)

सगळ्यांचे आभार. ठरवलेलं असं: महाशिवरात्रीच्या दिवशी सकाळी सोलापूर सोडायचं, मंगळवेढा-सांगोला-मिरज-कोल्हापूर-आंबा घाट, संध्याकाळी रत्नागिरी. अमावास्येला साडेसहाला भाट्याच्या पुलावर स्कोप लावून आधी खाडी बघायची, मग साडेआठला पुळणीवर उतरायचं, दहाला मिरकरवाडा. चालेल?

खाडीकर (रत्नागिरी)

पूल काढून टाका. एक तर साडेसहाला पुलावरून आत बघाल तर उजेडाच्या विरुद्ध. दुसरं, जड गाडी गेली की पूल थरथरतो आणि स्कोपमध्ये काही दिसत नाही. तिसरं, गाड्या जातात, उभं राहायला ती जागा नाही. आणि साडेआठला पुळणीवर याल तेव्हा चौथा तास निम्मा संपलेला असेल.

साडेसहाला थेट पुळणीवर या, सुरूच्या कडेने उत्तर टोकापर्यंत चला, भरतीची वरची रेघ बघून तिच्याही मागे बसा. नऊपर्यंत हलू नका. मग खाडीच्या काठाने आत, कांदळवनाच्या बाजूला. समुद्र गरुड आणि ब्राह्मणी घार ऊन तापल्यावरच वर येतात, ते तेव्हा मिळतील. बंदरात ट्रायपॉड गाडीतच ठेवा, टोपल्या वाहणाऱ्या बायकांच्या वाटेत येतो.

आंबा घाट उजेडी उतरायचा तर सोलापूर सकाळी आठच्या आत सोडा. कोल्हापुरात जेवायला थांबणारच तुम्ही.